बॉल हातात नसताना

संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं काय करायचं, हा प्रश्न कोचला फारसा पडत नाही. बॉल त्याच्याकडे द्यायचा. बेंचवरच्या बाराव्या पोराचं काय करायचं, हेही ठरलेलंच असतं. खरी डोकेदुखी मधल्याची. अंगात गुण भरपूर, उंची आहे, उडी आहे, प्रेक्षकांना तो आवडतो. पण सगळा संघ त्याच्या जिवावर उभा करायला गेलं की तो कोसळतो. अशा खेळाडूचा नीट उपयोग कसा करायचा, यावरून आमच्या घरात माझी धाकटी बहीण आणि माझा मुलगा यांची कायम जुंपते. बहीण शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. मुलगा कॉलेजच्या संघात आहे आणि बहुतेक वेळ बेंचवर बसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याच्या मतांना धार तिथूनच येते.

वादाचं निमित्त बहुतेक वेळा एकच माणूस असतो : डेन्व्हर नगेट्सचा ॲरन गॉर्डन. अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅच आपल्याकडे पहाटे-सकाळी दिसतात, त्यामुळे वाद चहाच्या आधीच सुरू होतो.

आत्या : लोक गॉर्डनने काय मिळवलं ते बघतात. मी त्याने काय सोडलं ते बघते. ऑरलँडोत असताना २०१७-१८ साली त्याची सरासरी मॅचमागे १७.६ पॉइंट होती. पण शॉट पडायचे शेकडा ४३. डेन्व्हरने विजेतेपद जिंकलं त्या वर्षी, २०२२-२३ला, सरासरी १६.३ आणि शॉट पडले शेकडा ५६. पॉइंट जेमतेम एकाने कमी आणि वाया घालवलेले बॉल किती कमी, ते तूच बघ. माणूस तोच.

भाचा : माणूस तोच, संघ वेगळा. ऑरलँडोचं पाप तू त्याच्या माथी कशाला मारतेस? २०१४च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत कोच किती बदलले? २०१६ला तर आधीच्या वूचेविचच्या जोडीला इबाका आणि बियोंबो आणून त्यांनी तीन उंच गडी आत भरले आणि याला बाहेर विंगवर ढकललं. तिथून ड्रिबल कर, आपला शॉट आपण तयार कर. जे त्याला येत नव्हतं, नेमकं तेच मागितलं.

आत्या : मी तरी दुसरं काय म्हणते?

भाचा : तू म्हणतेस, त्याने सोडलं. मी म्हणतो, त्याच्यावर आधी लादलं होतं. शब्दात नाही, हिशेबात फरक आहे. तुझ्या गोष्टीत शहाणपण खेळाडूला सुचतं आणि ऑफिसातले लोक सुटून जातात.

इथे मुलगा बरोबर होता असं मला वाटतं. पण बहिणीचा मुद्दा अजून पुरता आला नव्हता. डेन्व्हरने २५ मार्च २०२१ला गॉर्डनला घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे निकोला योकिच होता आणि जमाल मरी होता. योकिच म्हणजे उंच सेंटर, पण सगळ्या संघाचे पास त्याच्या हातून सुटतात. मरी शॉट मारणारा गार्ड. या दोघांचं आपसात इतकं जमलेलं की तिसऱ्याने बॉल मागितला तर खेळ अडतो. गॉर्डनला त्यांनी उभं केलं बास्केटच्या बाजूला, बेसलाइनला चिकटून. तिथे उभं राहणाऱ्याचं नाव टीव्हीवर फारसं ऐकू येत नाही.

आत्या : आता तू डिफेन्सवाला आहेस असं समज. योकिच बॉल घेऊन फ्री थ्रोच्या रेषेपाशी आलाय. तुझ्या पाठीमागे गॉर्डन उभा आहे, तो तुझा माणूस. योकिचला अडवायला पुढे गेलास तर बॉल तुझ्या डोक्यावरून मागे जातो आणि डंक होतो. नाही गेलास तर योकिच एकट्या माणसाला सहज खातो. काय करशील?

भाचा : फाउल.

आत्या : हसू नकोस. गॉर्डनने बॉलला हातही लावला नाही, तरी तुझी अडचण त्याच्यामुळेच झाली. दुसरा कुणी साधा पोरगा तिथे उभा केला असता तर तू त्याला सोडून खुशाल पुढे गेला असतास. म्हणून तिथे गुणी खेळाडूच लागतो. आणि गंमत बघ, त्या उडीवर तो २०१६ला आणि २०२०ला डंकची स्पर्धा खेळला आणि दोन्ही वेळा हरला. दुसऱ्या वेळी तर एका गुणाने. तीच उडी योकिचच्या पासवर वर्षभर कामाला येते.

भाचा : म्हणजे चारा. सापळ्यात बांधलेला.

आत्या : चारा खाल्ला जातो. हा खातो.

तिचा हा टोला चांगला बसला, पण मुलाने तो मोजला नाही. त्याचं लक्ष पुढच्या गोष्टीवर होतं, आणि ती गोष्ट डेन्व्हरच्या कौतुकात लोक सहसा वगळतात.

भाचा : मग २०२२चं काय? गॉर्डन आल्यावर तीन आठवड्यांच्या आत मरीचा गुडघा गेला. पुढचा सगळा हंगाम मरी नाही. संघातल्याच पोर्टरची पाठ दुखावली, ऑपरेशन झालं. गॉर्डनला योकिचच्या खालोखाल बॉल हातात घ्यावा लागला. काय झालं? वॉरियर्सनी पहिल्याच फेरीत ४-१ने घरी पाठवलं. आणि पुढच्या वर्षी मरी परत आला, ब्रूस ब्राउन आणि कॉल्डवेल-पोप आले, तेव्हा तोच गॉर्डन सगळ्यांना एकदम शहाणा वाटायला लागला. तू त्याच्या बेसलाइनवर उभं राहण्याचं कौतुक करतेस, पण ते उभं राहणं मरीच्या गुडघ्यावर टिकून होतं.

आत्या : (थोडं थांबून) हे खरं आहे.

भाचा : खरं आहे ना? मग असं म्हण की दुसऱ्या फळीतल्या खेळाडूचा उपयोग आधी पहिल्या फळीवर अवलंबून असतो. त्याच्या मनाच्या मोठेपणावर नाही.

आत्या : दोन्हीवर. पहिली फळी पक्की नसेल तर काहीच होत नाही, कबूल. पण पहिली फळी पक्की असूनही तिसरा माणूस कटकट करतो म्हणून फुटलेले संघ तुला हवे तितके दाखवते. गॉर्डनला २०२३च्या प्लेऑफमध्ये काय काम होतं ते आठव. पहिल्या फेरीत टाउन्सला धर. दुसऱ्या फेरीत केविन ड्युरंट. मग लेकर्सकडचा लब्रॉन. फायनलला मायामीचा जिमी बटलर. समोरच्या संघातला सगळ्यात अवघड माणूस दर वेळी याच्या वाट्याला. वर योकिच दम घ्यायला बसला की स्वतःपेक्षा उंच लोकांसमोर सेंटरला खेळ. हे काम करून रात्री हायलाइटमध्ये कोण दिसतं? योकिच आणि मरी.

भाचा : आणि पगार?

आत्या : पगार चांगला आहे. २०२४ला चार वर्षांचे १३३ मिलियन डॉलर ठरले. म्हणूनच तर सांगते. संघाने त्याला पॉइंटवर तोललं नाही, कामावर तोललं. तुझ्या कॉलेजात बेंचवरच्या पोरांना टी-शर्ट तरी नवे देतात का?

मुलाने उत्तर दिलं नाही. देत नाहीत.

इथे मला एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. पगार, मान, सामन्यानंतर कोचने घेतलेलं नाव, या गोष्टींना आपण खेळाच्या बाहेरच्या मानतो. पण ज्याला बॉल कमी मिळणार आहे, त्याचा हिशेब दुसऱ्या कुठेतरी चुकता करावाच लागतो. नाहीतर तिसऱ्या महिन्यात तो डिफेन्सला अर्धी पावलं टाकायला लागतो, आणि ते कोणत्याच आकड्यात दिसत नाही.

बहीण मग २०२३च्या फायनलवर आली. तिची आवडती मॅच चौथी, मायामीतली.

आत्या : मायामीने सगळं लक्ष योकिच आणि मरीवर ठेवलं. बॉल मरीच्या हातात आला की त्याच्यावर दोघं. मरीने काय केलं? बारा असिस्ट, एकही बॉल हरवला नाही. शेवटच्या क्वार्टरला योकिचचे पाच फाउल झाले, त्याला बसवावं लागलं. तरी जिंकले, १०८-९५. गॉर्डनचे पॉइंट २७, संघात सगळ्यांत जास्त. बेंचवरून येऊन ब्राउनचे २१. ज्याने वर्षभर बॉल मागितला नाही, त्याच्या हातात बॉल आला तेव्हा तो तयार होता.

भाचा : आता माझी पाळी. तयार कसा होता? पहिली मॅच आठव. पहिल्याच क्वार्टरला बारा पॉइंट. मायामीचे त्याच्यावर लावलेले लोक ठेंगणे होते, त्याने त्यांना पाठीवर घेऊन आत ढकललं. हे बेसलाइनवर उभं राहून येत नाही. ही ऑरलँडोची कमाई आहे. ज्या सहा-सात वर्षांना तू फुकट म्हणतेस, त्यांत त्याने हजारो वेळा बॉल हातात घेतला, वाईट शॉट मारले, चुकला. तो पहिल्या दिवसापासून डेन्व्हरच्या बेसलाइनवर असता तर त्या रात्री त्याला पोस्टअप करता आलं असतं का?

हा प्रश्न मला नवा होता. बहिणीलाही असावा. तिने विषय इग्वाडालाकडे वळवला. प्रशिक्षकांच्या बैठकांमध्ये त्याचं नाव निघतंच, असं ती सांगते.

आत्या : आंद्रे इग्वाडाला घे. कारकिर्दीतल्या पहिल्या ७५८ मॅच तो सुरुवातीच्या पाचात होता. २०१४ला स्टीव्ह कर वॉरियर्सचा कोच झाला आणि त्याला म्हणाला, तू बेंचवरून ये. हॅरिसन बार्न्सला सुरुवात करू दे. इग्वाडाला ऑल स्टार खेळलेला माणूस. तरी मानलं. अख्ख्या हंगामात एकदाही सुरुवात केली नाही. फायनलला क्लीव्हलंडने २-१ आघाडी घेतली, तेव्हा करने बोगटला बसवून इग्वाडालाला चौथ्या मॅचला सुरुवातीला उतरवलं. पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इग्वाडालाच. आणखी काय पुरावा पाहिजे?

भाचा : त्याचं वय किती होतं?

आत्या : एकतीस.

भाचा : हार्डनचं वय किती होतं?

आत्या : कोण हार्डन मध्येच?

भाचा : जेम्स हार्डन. ओक्लाहोमा सिटी. ड्युरंट, वेस्टब्रुक आणि बेंचवरून येणारा हार्डन. २०१२ला त्याला बेंचवरच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मिळालं, संघ फायनलपर्यंत गेला. वय बावीस. सगळे म्हणत होते, बघा, गुणी खेळाडू असा वापरावा. पगाराचं जमेना म्हणून ऑक्टोबरात ह्यूस्टनला दिला. तिथल्या पहिल्याच मॅचला ३७ पॉइंट आणि १२ असिस्ट. २०१८ला लीगचा एमव्हीपी. तुझ्या पद्धतीने तो ओक्लाहोमात छान वापरला जात होता, आत्या. इतका छान की तो कोण आहे हेच त्यांना कळलं नाही.

आत्या : कळलं होतं. परवडलं नाही.

भाचा : परवडण्याचा हिशेब कशावर करतात? खेळाडू आपल्याला किती मोठा वाटतो त्यावरच ना? एकतीस वर्षांच्या माणसाला बेंचवर बस म्हणणं वेगळं. त्याचं सगळं दाखवून झालंय, खिशात पैसे आहेत. बावीसच्या पोराला तीच खुर्ची दिली की तो तिथेच संपू शकतो. तुम्ही कोच लोक खुर्ची बघता, वय बघत नाही.

आत्या : (चिडून) बरं, मग सगळ्यांनाच बॉल द्यायचा का? अरे, राहुल द्रविडने २००३च्या वर्ल्ड कपला विकेटकीपिंग केलं, एक बॅट्समन जास्त खेळावा म्हणून. तो म्हणाला का, माझं वय बघा?

भाचा : द्रविडला दुसऱ्या फळीतला म्हणतेस?

आमच्या घरात यानंतर काही वेळ कुणी बोललं नाही. द्रविडच्या बाबतीत बहीण स्वतःच कुणाचं ऐकून घेत नाही.

चहा आला आणि मुलाने हातातला शेवटचा पत्ता टाकला. तो योकिचबद्दल होता, आणि मला तो या सगळ्या वादातला सगळ्यात वजनदार वाटतो. गॉर्डन ज्या ड्राफ्टमध्ये चौथा आला, त्याच ड्राफ्टमध्ये योकिच एकेचाळिसावा होता. डेन्व्हरकडे त्या वेळी नुर्किच नावाचा दुसरा दांडगा तरुण सेंटर होता. २०१६च्या डिसेंबरात कोच मायकेल मलोनने योकिचला सुरुवातीला उतरवून नुर्किचला बेंचवर नेलं, आणि दोन महिन्यांत नुर्किच पोर्टलँडला गेला. म्हणजे स्टार कोण आणि बाकीचे कोण, हा निकाल निवडीच्या दिवशी कायमचा लागला नव्हता. तो मलोनने अडीच वर्षांनी बदलला. बदलला नसता तर गॉर्डनला पास द्यायला डेन्व्हरमध्ये आज कोण असतं?

आत्या : यावर मी भांडत नाही. मलोनने बघितलं आणि बदललं. कोचचं कामच ते.

भाचा : एकदा बदललं. मग गॉर्डनच्या बाबतीत पुन्हा बघितलं का? २०२३-२४ला त्याचे थ्री पॉइंटर पडायचे शेकडा २९. पुढच्या वर्षी शेकडा ४३च्या वर. बेसलाइनवरच्या माणसाकडून हे कुणी मागितलं नव्हतं. ते त्याने सुट्टीत घडवलं. २०२५च्या प्लेऑफला क्लिपर्सविरुद्ध योकिचचा चुकलेला शॉट हवेतच पकडून वेळ संपता संपता डंक केला, १०१-९९. ते तुझ्या खात्यात घाल, उडी आणि जागा. पण पुढच्या फेरीत ओक्लाहोमा सिटीच्या मैदानावर शेवटच्या तीन सेकंदांत थ्री मारून १२१-११९ जिंकून दिली, ती माझ्या खात्यात.

आत्या : पास कुणाचा होता?

भाचा : पास वेस्टब्रुकचा, तो तेव्हा डेन्व्हरकडे होता. तूही बघितलंस. आणि २०२५च्या ऑक्टोबरात हंगामाच्या पहिल्याच मॅचला वॉरियर्सविरुद्ध ५० पॉइंट! दहा थ्री!

आत्या : आणि मॅच?

भाचा : ...ओव्हरटाइममध्ये हरले. १३७-१३१.

आत्या : मी काही बोलले नाही हं.

ती काही बोलली नाही, पण चेहरा बोलत होता. माझ्या मते त्या मॅचवरून दोघांपैकी कुणाचंच काही सिद्ध होत नाही. समोर वॉरियर्सच्या करीने ४२ मारले होते, मॅच कुणाचीही झाली असती. गॉर्डनने पन्नास मारले म्हणून डेन्व्हर हरलं असं म्हणणं हे निव्वळ खोडसाळपण, आणि पन्नास मारले म्हणून उद्यापासून योकिचने त्याच्याकडे बॉल द्यावा हा पोरकटपणा. त्या रात्रीत बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अकरा वर्षं खेळलेल्या, ज्याचं काम सगळ्यांना पाठ झालंय अशा माणसात अजून काहीतरी निघालं. डिफेन्सने त्याला कोपऱ्यात मोकळं सोडलं, कारण जुन्या हिशेबात तिथून त्याला सोडणंच शहाणपणाचं होतं. आता पुढच्या वेळी समोरचा कोच ते करणार नाही, आणि त्याचा माणूस कोपऱ्याकडे सरकला की योकिचला आत मोकळी जागा मिळेल. म्हणजे त्याने कमावलेला नवा शॉट शेवटी योकिचच्याच कामाला आला. बहिणीचं म्हणणं जिंकलं म्हणावं, तर तो शॉट कमवायला त्याला मुलाच्या वाटेनेच जावं लागलं.

हे मी दोघांना सांगून बघितलं. दोघांनाही ते आवडलं नाही.

आत्या : दादा, तू राजकारणात जा.

भाचा : बाबा, तुम्ही थांबा. आत्या, तुझ्या शाळेच्या संघात कुणी कुठे उभं राहायचं, हे कोण ठरवतं?

आत्या : मी.

भाचा : कधी?

आत्या : जूनमध्ये. शाळा उघडली की पंधरा दिवस बघते, मग ठरवते.

भाचा : आणि पुन्हा कधी बघतेस?

आत्या : पुन्हा कशाला? मुलींना आपलं काम पक्कं कळायला हवं. रोज बदललं की गोंधळ होतो.

भाचा : रोज नको बदलू. पण तुझी ती उंच मुलगी, जिला तू नुसती रिबाउंडला आणि स्क्रीनला ठेवतेस, तिच्या हातात मॅचमध्ये एकदा तरी बॉल दे ना. पाच-सहा मिनिटं.

आत्या : सरावात देते.

भाचा : सरावात नाही. मॅचमध्ये. दुसऱ्या क्वार्टरला, तुझ्या पहिल्या दोघी दम घ्यायला बसलेल्या असतात तेव्हा. तिला आठ चुका करू दे. नववीला काय होतं ते बघ.

आत्या : आणि त्या आठ चुकांमध्ये मॅच गेली तर?

भाचा : तर गेली. जिल्ह्याची पहिली फेरी हरून कुणाचं काय बिघडलंय?

आत्या : हेच वाक्य आमच्या मुख्याध्यापकांना येऊन सांगशील? सोमवारी. अकरा वाजता. मी दार उघडून देते.